दोन बरण्या

मागच्या शुक्रवारी दुपारी मी सांदणांचा डबा घेऊन समोरच्या मृणालिनीकडे गेले. डबा निमित्तच म्हणा. तिच्या नवऱ्याची, गिरीशभाऊंची बोट वादळातून परतली आणि तीन माणसं समुद्रातच राहिली, हे इथे आखातात, फरीज बिन ओमरानच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. बोटीवरचे प्रमुख तेच. रविवारी त्यांची चौकशी होती. शेजारधर्म आहेच, आणि मला विचारल्याशिवाय राहवत नाही, हेही खरं.

बाहेर धूळ उठलेली. भर दुपारी खिडक्या मातकट पिवळ्या झाल्या होत्या. दिवा लावूनही खोली उजळत नव्हती. गिरीशभाऊ सोफ्यावर, मान खाली. त्यांची लेक गार्गी टेबलावर शाळेचा प्रोजेक्ट मांडून बसलेली. पुठ्ठ्याची गलबतं, आणि मातीच्या दोन बरण्या.

जुन्या ग्रीसची हकिगत तिने अर्धी इंग्रजीत सांगितली. अथेन्सच्या सेनापतींनी समुद्रावरची लढाई जिंकली, पण वादळ आलं म्हणून बुडणारी आपलीच माणसं न उचलता ते परतले. मेलेल्याला माती मिळाली नाही की त्या लोकांना ते सहन व्हायचं नाही. मग सगळ्या नगराने खडे टाकून निवाडा केला. एक भांडं दोषींचं, एक निर्दोषांचं. सहा जणांना मरण.

"जिंकून आलेल्यांना?" मी विचारलं.

"दे वेअर लीडर्स, आंटी," म्हणत तिने आम्हा तिघांच्या हातात कुंडीतला एकेक खडा ठेवला. "नाऊ यू व्होट."

मृणालिनीने मला डोळ्यांनीच खुणावलं. आम्ही तिघांनीही निर्दोषांच्या बरणीत खडा टाकला. माझ्या खड्यावर तांबडी रेघ होती.

मग सांदणं ताटलीत निघाली, चहा झाला. तेवढ्यात कुठेतरी टक्‌ झालं. थोड्या वेळाने पुन्हा. असं चारदा. मला वाटलं, एसी गळतोय. पण हळूहळू डिझेलचा आणि कुजक्या शेवाळाचा वास येऊ लागला...

गार्गीने निर्दोषांची बरणी पालथी केली. दोनच खडे. दुसरी पालथी केली, तर चार पडले. काळे, ओले. खारं पाणी ओघळत तिच्या गलबतांखाली गेलं.

मृणालिनी नवऱ्याकडे वळली.

"अहो... तिघंच होते ना?"

गिरीशभाऊ मान खाली घालूनच बोलले. "चौथ्याचं नाव बोटीच्या यादीत नव्हतं... हात हलवत होता. शेवटपर्यंत..."

मी उठले. मृणालिनी कधी डबा रिकामा परत देत नाही, चिमूटभर साखर तरी घालते. त्या दिवशी तिने तो तसाच हातात दिला. माझं दार चार पावलांवर. तेवढ्यात डब्यात काहीतरी खडखडलं.

उघडला. तळाशी तांबड्या रेघेचा खडा. ओला.

रविवारी गिरीशभाऊ चौकशीला जाऊन आले. तीनच नावं सांगितली, हे लिफ्टमध्ये कळलं. मीही गप्प राहिले.

खडा गॅलरीत उन्हात ठेवलाय. इथलं ऊन, तासाभरात चादरी वाळतात. आठ दिवस झाले.

अजून ओला आहे.