मे महिन्यातली आई

बातिमाबाईंनी मखमलीच्या डबीतून सोयरिकीची चांदीची कर्णफुलं काढली, होणाऱ्या सुनेच्या, मेरुएर्तच्या, कानाशी नेली, आणि नेमका त्याच क्षणी नवरीच्या आईच्या, कुल्याशच्या, खिशातला फोन वाजला!

मेरुएर्तची मान वळली... आईकडे.

पलीकडे साबित होता, माळावरचा कुल्याशचा सहकारी पहारेकरी. तो हुंदके देत होता. "ताई, सायगा मरताहेत! उभ्या उभ्या कोसळताहेत सगळ्या!"

"शिकारी आलेत का?"

"कुणी नाही हो! गोळी नाही, काही नाही... तुम्ही या, ताई!"

कुल्याशच्या पायांखालची जमीनच सरकली. त्याच माळावर शिंगांसाठी सायगा मारणाऱ्या चोरांनी तिच्या ओराझबेकला गोळी घातली होती. तेव्हा सायगा हरणं जेमतेम मूठभर उरली होती. चिमुकल्या मेरुएर्तला सासूच्या ओटीत घालून, काळजावर दगड ठेवून, तिनं नवऱ्याची पहारेकऱ्याची नोकरी पत्करली होती. सायगांची वीण मे महिन्यात, आणि मेरुएर्तचा वाढदिवसही मे महिन्यातच! केकपुढे बसलेली लेक दरवर्षी दाराकडे पाहत राहिली, आणि दरवर्षी आई माळावर कोवळ्या पाडसांची राखण करत राहिली. कळप वाढत गेले... लेक दुरावत गेली.

"आई, आज तरी नको!" मेरुएर्त दारात आडवी उभी राहिली.

"बाळा, माझा जीव थाऱ्यावर नाही गं..."

"तुझा जीव तिकडेच असतो! मे महिन्यात जन्मले हाच माझा गुन्हा ना? जा! पण आत्ता गेलीस तर लग्नालाही येऊ नकोस!"

"हरणांशीच सोयरीक करायची होती हिनं!" जेवणाच्या दस्तरखानाशी बसलेले मेरुएर्तचे चुलते खवचटपणे म्हणाले.

कुल्याशनं डोक्याला रुमाल बांधला, आणि ती बाहेर पडली.

ती माळावर पोचली. नजर जाईल तिथवर हिरव्या गवतावर आडव्या पडलेल्या माद्या! ज्या उभ्या होत्या त्या झिंगल्यासारख्या हेलपाटत होत्या, तोंडाला फेस येऊन गुडघ्यांवर बसत होत्या, आणि पुन्हा उठत नव्हत्या. मेलेल्या आयांना पाडसं लुचत होती... वारा होता, ऊन होतं, चंडोल गात होते, आणि त्या गाण्याखाली तिचा सारा जन्म मरून पडत होता!

शहरातून जनावरांचे डॉक्टर आले. "रक्तात विष भिनवणारा जंतू आहे," ते हताशपणे म्हणाले. "कळपच्या कळप जाईल. आपल्या हातात फक्त पुरणं आहे."

कुल्याश पुरत राहिली. रडली नाही, जेवली नाही.

एका दुपारी धूळ उडवत एक गाडी आली. आधी उतरल्या बातिमाबाई, काखेत तळलेल्या बौरसाक-पावांची टोपली घेऊन.

"विहीणबाई, आमच्याकडे एक माणूस गेलं तरी सारं गाव धावतं. तुमची इतकी गेली, आणि तुम्ही एकट्याच?"

त्यांच्या मागे मेरुएर्त उभी होती. आईला चार खरमरीत शब्द सुनावायचे म्हणून ती आली होती, पण समोर पाहिलं आणि ती जागीच थबकली. "आई... हे सगळं? सगळंच?"

"यांच्यासाठी मी तुला दूर ठेवलं, बाळा..." कुल्याशचा आवाज कोरडाठाक होता. "आता हीही गेली. तू नाहीस, ही नाहीत... मग मी आयुष्यभर केलं तरी काय गं?"

मेरुएर्त पुढे आली. "माझा राग गेलेला नाही, आई. पण तुझ्यावर असं काही यावं... असं मी कध्धीच मागितलं नव्हतं गं!"

तिनं साबितकडून हातमोजे मागून घेतले, तोंडाला फडकं बांधलं. "कुठून धरायचं ते सांग."

"तुला सवय नाही..."

"मग शिकव की! आजवर काही शिकवलंस का मला?"

दोघी मेलेल्या माद्या खड्ड्याकडे ओढत राहिल्या. ऊन कलताना मेरुएर्तला एक जिवंत पाडस सापडलं. तिनं ते उचललं, मांडीवर घेतलं, बाटलीनं दूध पाजायला गेली. "आई, हे पितंय! बघ ना, हे जगणार!"

ते जगणार नाही, हे कुल्याशला ठाऊक होतं. ती लेकीच्या अगदी जवळ येऊन बसली.

पाडसानं एकदा पाय झाडले, आणि मान टाकली.

मेरुएर्तनं हंबरडा फोडला, लहान मुलासारखा, ऊर फुटेस्तोवर! त्या साऱ्या हरवलेल्या वाढदिवसांना असं रडताना तिला जवळ घ्यायला आई नव्हती... कुल्याशनं मातीनं माखलेले हातमोजे काढून फेकले, लेकीचं डोकं छातीशी घट्ट धरलं, आणि तिला थोपटू लागली.

"रड, माझ्या राणी," ती म्हणाली. "मी कुठ्ठेही जात नाही."