पितळी गुंड, एका बाजूला पोचा

जुनी वस्तू ऑनलाइन विकायची असेल तर निम्मं काम शीर्षकात होतं, हे लोकांना सांगून सांगून मी थकलो. लोक लिहितात, 'मस्त पलंग, लवकर घ्या.' मस्त म्हणजे काय, डोंबल? घेणाऱ्याला लाकूड कोणतं ते हवं, लांबी हवी, पाय कुठं मोडलाय ते हवं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा असला की वस्तू चार दिवसांत परत दारात येते.

वरठीला स्टेशनच्या रस्त्यावर माझं घर आहे आणि पुढच्या खोलीत हाच धंदा. जवाहरनगरच्या क्वार्टरमधून बदली झालेले लोक कूलर, कपाटं घेऊन येतात. मी फोटो काढतो, शीर्षक लिहितो, ॲपवर चढवतो. महत्त्वाचा शब्द आधी, कारण मोबाइलवर पुढचं कापलं जातं. दोष लपवायचा नाही. आणि खरी गोम पुढेच आहे. सकाळी अकराच्या सुमारास ॲप एक यादी देतं, कोणते शब्द टाकून लोक आपल्या वस्तूपर्यंत पोचले त्याची. ते शब्द उचलायचे आणि शीर्षकात घालायचे. शोधणारा जे म्हणतो तेच आपण म्हणायचं.

मार्चमध्ये भूपेंद्र आला. माझ्या धाकट्या बहिणीचा, रीताचा नवरा. रीता मागच्या पावसाळ्यात गेली. बपेऱ्याच्या अलीकडे त्यांचं गाव आहे. सकाळी पाण्याचा गुंड घेऊन बोडीवर, गावच्या तळ्यावर गेली आणि काठावरून पाय घसरला, असं त्याने सांगितलं आणि कागदावरही तेच लागलं. आमच्या आईचा त्यावर एक दिवसही विश्वास बसला नाही. "अंगणात नळ असून पोरगी बोडीवर कायले जाईन?" हे ती रोज विचारायची. जेवताना, भांडी घासताना, माझ्याकडे न बघता. मला त्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. आणि उत्तर मिळालं की भूपेंद्रचा जीव हवा होता, हेही सांगून टाकतो.

"दुसरं लगन जमून राहिलं, प्रफुल्लभाऊ," तो म्हणाला. डावा गुडघा सांभाळत हातातलं पोतं त्याने उंबऱ्यातच ठेवलं. "हा रीताच्या आंदणातला गुंड. घरात नको म्हणते माही माय. तुमीच विकून टाका."

"असं भांडं माहेरी वापस देत असतेत, जवाईबापू."

"मंग ठेवा नाही तं विका. मले नको."

तो चहालाही थांबला नाही. आईच्या डोळ्यांसमोर तो गुंड ठेवणं मला जमलं नसतं, म्हणून विकायचं ठरवलं. बारा लिटरचा, भंडाऱ्याच्या कारागिराने हाताने ठोकलेला. गळ्याखाली 'रीता' असं नाव कोरलेलं आणि एका बाजूला मूठभर पोचा. नाव दिसणार नाही अशा बाजूने फोटो काढला आणि लिहिलं: 'पितळी गुंड, भंडारा घडण, १२ लिटर, एका बाजूला पोचा'.

दुसऱ्या दिवशी यादी आली. 'पितळी गुंड', नऊ वेळा. 'जुनी भांडी', चार वेळा. 'रीताचा गुंड', एकदा.

सासरच्या गावातल्या कुणीतरी ओळखला असेल, असं मी धरून चाललो. धंद्याच्या नियमाने तो शब्द शीर्षकात घातला. नियम कसला, भूपेंद्रने वाचावं म्हणून घातला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा 'रीताचा गुंड'. आणि खाली: 'पोचा कशाने पडला'.

भांडं घ्यायला निघालेला माणूस असं शोधत नाही. मी ॲपच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिथल्या मुलीने बराच वेळ काहीतरी तपासलं. "सर, बाकीच्या शोधांपुढे गाव दिसतंय. या दोन ओळींपुढे काहीच नाही," ती म्हणाली. यंत्रात बिघाड असेल, असंही म्हणाली. मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

दुपारी भूपेंद्रचाच फोन. चोराच्या मनात चांदणं.

"पोचा काहून लिवला त्याच्यात? काढा तो शब्द."

"दोष लपवत नसतो मी. कशानं पडला?"

"नळाच्या ओट्यावर आपटला होता. लय जुनी गोष्ट हाय. आन घरी फोन नका करत जाऊ, माय असते. दोन ते चार मी खळ्यावर राहतो, एकटाच. तवा करा."

खोलीत मी एकटा होतो. कॉम्प्युटर बंद होता.

चौथ्या दिवशीच्या यादीत एकच ओळ होती. 'ओट्यावर नाही'.

बाहेर ऊन रणरणत होतं आणि मी पंखा बंद केला.

पाचव्या दिवशी: 'त्याच्या हातात होता'.

सहाव्या दिवशी: 'मी चुलीपाशी बसली होती'.

आई माझ्या मागे येऊन कधी उभी राहिली ते कळलं नाही. ती चौथी शिकलेली. बोट ठेवून तिने ती ओळ दोनदा वाचली.

"रीताच बोलून राहिली," ती म्हणाली. रडली नाही. "आता ते जे मांगते ते दे तिले."

सातव्या दिवशी यादीत एकच नाव होतं. 'भूपेंद्र'. एकशे चाळीस वेळा. त्याच्याखाली, एकदा: 'भूपेंद्र एकटा केव्हा असतो'.

मी नवं पान उघडलं. लग्नातला फोटो घेतला, रीताला कापून त्याला तेवढा ठेवला. मग लिहिलं: 'भूपेंद्र, वय ३६, दुपारी दोन ते चार खळ्यावर एकटा, डावा गुडघा कमजोर'.

इतकं नेमकं शीर्षक मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

दीड वाजता चढवलं. एक चाळीसला मागणी आली. ॲपने विचारलं, 'वस्तू सोपवायला तयार?' मी 'हो' दाबलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

पाच वाजता त्याच्या काकाचा, लक्ष्मणरावांचा फोन आला. लाखोळी डाळीच्या खळ्यावर सापडला म्हणाले. डॉक्टरच्या मते हृदय बंद पडलं.

"पण प्रफुल्लभाऊ," त्यांचा आवाज खाली आला, "माणूस सरळच होऊन नाही राहिला. गुडघे छातीले, हात गुडघ्याभोवती. खोक्यात भरून ठेवल्यावानी. तसाच न्या लागला."

आई त्या दिवशी पोटभर भात जेवली. नळाचा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी खरेदीदाराचा अभिप्राय आला. पाच तारे. 'जसं लिहिलं तसंच निघालं.' मी हसलो. शीर्षक लिहिणाऱ्याला याहून मोठी पावती नाही. दोन्ही पानं काढून टाकली, लोकांच्या कूलर-कपाटांचीही. आता माझ्या नावावर विकायला काहीच नव्हतं, म्हणजे यादीही यायला नको.

आज अकराला ती आली.

'दादा'.

मला घरात दादा म्हणणारी एकच होती.

बोडीत सापडली त्याच्या आठ दिवस आधी रीता इथे आली होती. याच खोलीत, हातात एक पिशवी घेऊन. आई तेव्हा नातेवाइकांकडे तुमसरला गेली होती. रीताने बाही वर करून दंड दाखवला. मी म्हणालो, "भांडण कोणाच्या घरी नाही होत? लोकं काय म्हणतीन?" तिने पाणीही घेतलं नाही. मी तिला मोटरसायकलवर बसवलं आणि बपेऱ्याच्या रस्त्याला लागलो. तिच्या दारात सोडलं. भूपेंद्र बाजेवर बसला होता, मी त्याला रामराम घातला आणि परत आलो. ती आली होती हे मी आईला कधीच सांगितलं नाही. आजही तिला माहीत नाही. उत्तर मला पहिल्यापासून ठाऊक होतं, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून हवं होतं.

यादीत खाली आणखी एक ओळ होती. ती वाचायला मी बराच वेळ घेतला.

'आई घरी केव्हा नसते'.

आतून पितळी डब्यात फुलं ठेवून झाकण लावल्याचा आवाज आला. आई नवं लुगडं नेसून बाहेर आली, दारात चपला सरकवल्या.

"मंदिरात जाऊन येतो रे," ती म्हणाली. "दार लावून घे."