ठोंब्या कोण?

सिनेमा ताईचा, त्यातलं आवाजाचं काम धाकट्या भावाचं, आणि शिव्या मात्र दोघांना सारख्याच. बंद घरात एकमेकींवर संशय घेत बसलेल्या दोन बहिणींची ती गोष्ट. मोठा निर्माता नव्हता, होती ती पदरमोड. सिनेमा इंटरनेटवर चढल्यापासून लोक त्याच्यावर नुसते तुटून पडले होते.

ताई भावाच्या स्टुडिओत आली आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता तिनं फोन त्याच्यापुढे आपटला.

“वाच.”

“‘रहस्य म्हणून बसलो, डुलकी काढून उठलो.’ असू दे गं, लोकांना तोंड असतं.”

“खालचं वाच.”

‘अभिनय बरा. पण मागे ती बाई सारखी काय पुटपुटते?’ त्याखाली दुसरा कोणी चिडला होता. ‘ठोंब्या, दार उघड, ठोंब्या, दार उघड. कान किटले. हा ठोंब्या कोण, ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. की आम्हालाच म्हणताय?’

ठोंब्या म्हणजे हा धाकटा भाऊच. त्या नावानं हाक मारणारं आता ताईशिवाय कुणी उरलं नव्हतं.

“ही मस्करी तुझी?”

“मी कशाला माझ्याच नावानं बोंब मारू?”

दोघांनी सिनेमा पुन्हा लावला. शेजारच्या खोलीतला पंखा कुरकुरला तरी त्याला कळायचं, पण बाईचा आवाज काही सापडला नाही. ताईलाही नाही.

संवादांमधली जागा अगदी कोरी ठेवली तर कानाला खड्ड्यात पडल्यासारखं होतं. म्हणून शूटिंगच्या खोलीत सगळ्यांना गप्प बसवून तिथली शांतता रेकॉर्ड करतात आणि सिनेमाभर खाली अंथरतात. गडबडीत ती घ्यायची राहिली होती. मग त्यानं इथल्याच काचेच्या केबिनमधली, रिकाम्या केबिनमधली शांतता वापरून वेळ मारून नेली होती.

“त्या शांततेतच काहीतरी शिरलंय,” ताई म्हणाली. “नवीन घे. मी स्वतः आत बसते. तुझ्यावर सोडलं की घोळ होतो.”

“इतकी चिडलीस?”

“लोक थुंकतायत माझ्या कामावर. कौतुक करू तुझं?”

तिचं बोलणं त्याला लागलं. कसंही करून तिचा सिनेमा निस्तरायचाच होता. केबिनचं जाड दार तिनं आतून ओढून घेतलं, स्टुलावर ताठ बसली आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यानं हेडफोन चढवले आणि नेहमीच्या सवयीनं डोळे मिटले.

इतकी स्वच्छ शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती. ताईचा श्वाससुद्धा नाही. शाब्बास, त्याला वाटलं. पुरेसं झाल्यावर त्यानं डोळे उघडले.

स्टूल आडवं पडलं होतं. ताई दोन्ही मुठींनी काच बडवत होती.

हेडफोनमध्ये काही नव्हतं. आवाज मोजणारा काटा शून्यावर पडून होता.

तिचे ओठ त्याला वाचता आले. तीच विनवणी, आधी त्याचं नाव, मग ‘दार उघड’.

त्यानं हेडफोन भिरकावले आणि दार ओढलं. त्या दाराला कडी नव्हती, कधीच नव्हती. चौकटीला पाय लावून त्यानं पुन्हा ओढलं. दार हललं नाही. आतून एक धक्काही ऐकू आला नाही.

“ताई!”

तिची मूठ काचेवरून हळूहळू खाली घसरली.

मागे टेबलावर तिचा फोन उजळला. नवीन प्रतिक्रिया आली होती.

‘शेवटाकडे ती बाई एकदाची गप्प होते. तेवढंच काय ते बरं.’