सातव्या प्रश्नाचं खरं उत्तर

"हे वाचलंत? 'इंटरनेटवर आम्हाला कुणी त्रास देत नाही. झोप छान लागते. कॉलनीतली सर्व चौदा मुलं.'" मैत्रेयीनं नोटीस बोर्डावर लावलेल्या मुलांच्या आरोग्य-पाहणीच्या निकालावर बोट आपटलं. "मी तर फॉर्म उघडलासुद्धा नाही!"

"मैंने भी नहीं भरा, यार!" अनीश म्हणाला.

वरद बोर्ड पुन्हा वाचत होता. वर्गातली मुलं महिनाभर ग्रुपवर त्याला वाट्टेल ते बोलत होती. जेवण जात नव्हतं, झोप येत नव्हती. हे फक्त या दोघांना ठाऊक होतं. घरी सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून तो फॉर्ममध्ये लिहिणार होता. 'कुणी त्रास देतं का?' हा सातवा प्रश्न. 'हो' लिहिणाऱ्यांना डॉक्टर प्रतिमाताई भेटणार होत्या. पण बोर्डावर खाली लिहिलं होतं, 'गरज नसल्याने शनिवारची भेट रद्द.'

"रद्द कशी होते तेच बघते!" मैत्रेयी म्हणाली.

अनीशनं फोनवर फॉर्म पोचल्याचं मेल शोधलं. त्याच्या नावाचा फॉर्म भरला गेला होता, रविवारी सकाळी अकरा वीसला!

"संडे को? तब तो हम सब पिकनिक पर थे, बख्शी का तालाब गाँव के खेतों में मटर तोड़ रहे थे!"

"आणि आपले फोन?" मैत्रेयीनं विचारलं.

सहलीत गोळा केलेले फोन होते कॉलनीचे सेक्रेटरी दीनानाथकाका यांच्या पिशवीत, अडीअडचणीसाठी घेतलेल्या लॉक नंबरच्या चिठ्ठ्यांसकट!

संध्याकाळी कॉलनीची सभा भरली. मैत्रेयी अगदी साळसूदपणे उभी राहिली.

"काका, रविवारी आमचे फोन किती छान सांभाळलेत!"

काका फुलले. "नऊ ते दोन माझ्याच ताब्यात! कुणाला हात लावू दिला नाही!"

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर अनीशनं मेल दाखवलं. "तो ग्यारह बीस पर मेरा फॉर्म किसने भरा, अंकल?"

काकांचा चेहरा पडला. "अरे, शेवटची तारीख होती... आणि तुमची उत्तरं अशी काय वेगळी असणार, असं वाटलं."

"तेच तर विचारायचं होतं ना, काका!" मैत्रेयी म्हणाली.

काकांनी सर्वांसमोर माफी मागितली आणि तिथूनच प्रतिमाताईंना फोन लावला. शनिवार पक्का झाला!

"शाबास, पोरांनो! आम्हा मोठ्यांचे बरे कान उपटलेत," मैत्रेयीचे बाबा म्हणाले.

काकांनी कोरे कागदी फॉर्म वाटले आणि पाठ फिरवली. "मी बघणारसुद्धा नाही."

वरदनं सातव्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं. खाली दोनच ओळी मोकळ्या होत्या. त्यानं त्या भरल्या आणि मान वर केली.

"काका, आणखी एक कागद द्या."