शिवकन्येचं व्हर्बल

"ॲम्बिव्हलंट म्हणजे… ॲम्बिव्हलंट म्हणजे…"

"दोन मनांचा," शेजारून आवाज आला.

मोबाइलवरचे शब्द मोठ्यानं घोकणारी शिवकन्या दचकली. मानवतहून परभणीला निघालेली एसटी कापसाच्या गाड्यांमागं रखडली होती. खिडकीतून कापसाचे पुंजके तरंगत आत येत होते, आणि शेजारचा मुलगा गालातल्या गालात हसत होता.

"दुसऱ्याच्या मोबाइलात डोकवायलात तुमी?"

"डोकवायलो न्हाई, ऐकायलो. सगळी बस ऐकायली!"

रागवावं म्हणून ती वळली, आणि हसूच फुटलं.

तो सिद्धोधन. मूळचा पूर्ण्याचा, मानवतला बहिणीकडं राहून परभणीत इंग्रजीचं एम.ए. करणारा. ती कृषी विद्यापीठात मातीचा अभ्यास करायची, आणि पुढं अमेरिकेत शिकायचं तिचं स्वप्न तिथल्या प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेपाशी अडलं होतं. गणितात ती वाघीण. पण व्हर्बलमध्ये, म्हणजे इंग्रजी भाषेच्या भागात, पहिल्या खेपेला एकशे त्रेचाळीस; मोजणीच एकशे तीसपासून सुरू होते, आणि हवे होते दीडशेच्या वर! घरचे म्हणाले होते, आणखी एकदाच. मग स्थळं बघायची.

"नुसते शब्द घोकून काय होतंय?" दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून शेजारची सीट धरली. "उतारा वाच. लेखक काय म्हणायलाय ते आधी तुझ्या भाषेत सांग. पर्याय नंतर."

तिनं वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या. "हा बाबा म्हणायलाय, मधमाश्या कमी झाल्याच न्हाईत… मोजणाऱ्यांनीच घोळ घातलाय."

"बरोबर! लय भारी!" तो इतक्या जोरात ओरडला की कंडक्टरनं वळून पाहिलं.

मग रोजची सकाळ तशीच. गाळलेल्या जागा आल्या की तो पर्यायांवर तळहात ठेवायचा. "आधी तुझा शब्द टाक." आणि एकदा, उतारा संपल्यावर, हळूच म्हणाला, "हे घे. तो तिच्याकडं… अमुक नजरेनं बघत होता. टाक शब्द."

"चोरट्या."

"मी तर 'आदराच्या' म्हणलो असतो."

"चूक. संदर्भ बघा, सर!"

त्याचे कान लाल झाले. ती मात्र हसू दाबत राहिली – पार विद्यापीठाच्या फाटकापर्यंत.

परीक्षा हैदराबादला झाली. शेवटचं बटण दाबताना तिनं डोळे मिटले… उघडले… आणि तोंडावर हात दाबून धरला.

घरी फोन केला. त्याला नाही. हे त्याला समोरासमोरच सांगायचं होतं.

ती गाडीतून उतरली, तेव्हा परभणीच्या रेल्वे फलाटावर तो उभा होता, न जेवल्यासारखा.

"किती?"

"एकशे छप्पन्न!"

त्यानं आनंदानं उडीच मारली. मग त्याचा चेहरा उतरला. "म्हंजी… तू जाणार आता."

"जाणार. दोन वर्षांसाठी." तिनं बॅग खाली ठेवली. "सिद्धोधन, तू मला आवडतोस. लय. थांबशील?"

गाडी सुटली, गर्दी पांगली. त्यानं तिची बॅग उचलून आपल्या खांद्यावर घेतली.

"थांबीन," तो म्हणाला. "तू विचारलं नसतंस, तरी थांबलो असतो. पण आपल्या जाती वेगळ्या, घरी सोपं जाणार न्हाई, शिवकन्या. तुझ्याकडं न्हाई, माझ्याकडंही न्हाई."

"सोपं कोण मागायलंय?" ती म्हणाली, आणि भर फलाटावर तिनं त्याचा हात धरला.