उलटं चित्र

तैवानमधल्या सिंचूत वारा सुटला की आमच्या प्रयोगशाळेच्या काचा दिवसभर खडखडतात. त्या सकाळीही खडखडत होत्या, आणि मी माझं नेहमीचं काम करत होते: उलटं चित्र पुसण्याचं.

आमचं यंत्र डोळ्यात मंद प्रकाश सोडतं. परत आलेल्या प्रकाशातून संगणक दृष्टिपटलाचे थर रचतो. पण त्या गणिताला पुढचं-मागचं कळत नाही. म्हणून दरवेळी दोन चित्रं उमटतात, वर खरं आणि खाली त्याचंच उलटं प्रतिबिंब. दोन्ही एकाच आकड्यांतून निघतात. त्यांच्यात तसूभरही फरक असूच शकत नाही.

फान काकांच्या उजव्या डोळ्यात तो होता.

काका फाटकासमोर भाताच्या शेवयांची गाडी लावायचे, चाचणीला हौसेनं आले होते. वरचं चित्र निकोप. खालच्यात मधोमध भोक. मी भिंग पुसलं, तार बदलली, पुन्हा मोजलं. भोक तिथंच.

"पै-जू, सोनं सापडलं की काय माझ्या डोळ्यात?" काका हसले.

मी प्रमुखांकडे, कुंग सरांकडे गेले.

"उलटं पुसायचा पगार घेतेस ना? मग वाचत कशाला बसतेस?"

"सर, निदान काकांना सांगू या तरी."

"काय सांगणार? तुमच्या प्रतिबिंबाला भोक पडलंय?" त्यांनी माझ्या हातातला माऊस ओढला आणि स्वतःच पुसून टाकलं. "पाहुणे यायचेत. पडदा स्वच्छ हवा."

मी काकांना दवाखान्यात नेलं. डोळा ठणठणीत आहे, डॉक्टर म्हणाले.

महिन्याभरानं काकांनी माझा रस्सा वाडग्याशेजारी ओतला. गाडीवरून तो माझ्या बुटांवर ठिबकला.

"या डोळ्यानं माणसाकडे बघितलं ना, की मधला चेहराच जातो गं," ते म्हणाले. "कान तेवढे दिसतात."

माझं डोकं फिरलं. दार न वाजवता मी कुंग सरांच्या खोलीत घुसले.

"चला. बसा यंत्रासमोर."

"वेड लागलंय का तुला?"

"घाबरलात?"

ते झोंबलं. तरातरा येऊन बसले. सरांनी मध्येच पुसू नये म्हणून पुसण्याची आज्ञा मी बंद केली.

वर चित्र आलं, सुरेख.

खाली काहीच नाही. काळंशार.

असं होत नाही. गणित दोन चित्रं देतंच. मी आकडे पुन्हा पाहिले.

"बघ! तुझ्यावाचूनही पुसलं जातं," सर उठत म्हणाले. कोटाचं बटण लावलं. "मी जेवून येईपर्यंत टेबल रिकामं कर. उद्यापासून येऊ नकोस."

जायचंच तर स्वतःचा डोळा बघून जाईन, असं ठरवलं. हनुवटीच्या टेकूवरचा वापरलेला कागद फाडला आणि कोरा लावला.

तेवढ्यात पडदा हलला.

वरचा भाग काळा पडला होता. खाली मघाचेच, सरांच्या डोळ्याचे थर उमटत होते, उलटे. नाडीच्या ठोक्यागणिक किंचित हलत होते.

लिफ्टपाशी सर कुणाशी तरी मोठ्यानं हसत होते.

मी वाकून भिंगासमोर पाहिलं. खुर्ची रिकामी होती. कोरा कागद मधोमध दबलेला होता, हनुवटीएवढा.