नाव येते समोर

"मॅडम, पाचशेची नोट काढून वीस रुपयाची मेथी घेता? चिल्लर कोठून आणू मी... झाडाले लागते का?"

भाग्यश्रीनं मान वर केली. भाजीच्या गाड्यामागं पंचविशीतला एक तरुण उभा होता. कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, हातात मेथीच्या दोन जुड्या. आदिलाबादची डिसेंबरातली संध्याकाळ. कापसाच्या गाड्या एकामागोमाग बाजाराकडं चालल्या होत्या आणि त्यांच्यातून उडालेला कापूस तारांवर, झाडांवर, माणसांच्या डोक्यांवर बसत होता. याच्याही टोपीवर एक पुंजका बसला होता. त्याला पत्ताच नव्हता. उचलून टाकावा असं भाग्यश्रीच्या हाताला वाटलं... आणि हात जागीच राहिला.

"स्कॅन करा ना. हा पाहा बोर्ड. फोन तर हातातच हाय तुमच्या."

"नाही... नगदच देते."

"काऊन?"

"असंच."

हे 'असंच' ताजं होतं. तासाभरापूर्वीचं.

किनवटकडच्या एका गावाहून ती आठ दिवसांपूर्वी इथं आली होती. एका खासगी लॅबमध्ये रक्त काढायची नोकरी लागली होती. तिथंच सुधाकरराव साखर तपासायला आले. बाही सरकवून हात पुढं केला, सुई कधी टोचली ते त्यांना कळलंही नाही. "लय हलका हात हाय बेटा तुझा," म्हणाले. खोली शोधतेय हे ऐकल्यावर, "अवं, आमच्या घरी हाय ना! आपल्या बोलीची पोरगी, आनखी काय पाह्यजे?" असंही म्हणाले.

खोली छान होती. खिडकीतून ऊन यायचं. काकूंनी चहा टाकला. सुधाकररावांनी आगाऊ भाड्यासाठी नंबर सांगितला, भाग्यश्रीनं तो फोनवर टाकला आणि पैसे पाठवले. त्यांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला. पैसे कुणाकडून आले ते बँक पूर्ण नावानिशी सांगते. भाग्यश्री मोतीराम मुनेश्वर. या भागात आडनाव कळलं की पुढचं काही विचारावं लागत नाही.

चष्मा खाली आला तेव्हा चेहरा दुसराच होता. "ते काय झालं बेटा... आमचा भाचा येऊन राह्यला. मी विसरलोच होतो पाहा."

चहा गार व्हायच्या आत पैसे परत आले. जितक्या वेगानं गेले होते तितक्याच वेगानं. तो भाचा बिचारा अजून जन्मायचाय. आणि सुधाकरराव वाईट माणूस आहेत असं समजून कुणी सुटका करून घेऊ नये. ते चांगले होते. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही, चहासुद्धा पाजला. अशाच चांगल्या माणसांनी गावंच्या गावं भरलेली आहेत.

"थांबा मंग," गाडेवाला म्हणाला. "नोट द्या, मोडून आणतो. तवरक गाडा पाहा जरा."

"मी?"

"मंग कोण? वांगे तीस, टमाटे वीस, बाकी जुड्या दहा." आणि तो चालू लागलाही.

अनोळखी गावात, अनोळखी गाड्यामागं भाग्यश्री एकटी. तेवढ्यात एक बाई आली, वांगी उचलून म्हणाली, "एंता?" भाग्यश्रीला तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. तिनं तीन बोटं दाखवली. बाईनं दोन दाखवली. भाग्यश्रीनं परत तीन, आणि मान अशी हलवली की बाईला हसूच आलं. तीस रुपये देऊन गेली.

तो परतला तेव्हा हिच्या मुठीत तीन नोटा होत्या. "किलोभर वांगे विकले. एंता म्हणजे काय हो?"

"किती." तो बघतच राहिला. "माही माय तीस सांगून वीसले देते. तुमी तर... नाव काय तुमचं?"

"भाग्यश्री."

"पुढं?"

"पुढं काही नाही."

"मी प्रज्वल. पुढं गुरनुले. माह्यं सगळं बोर्डावर लिहून हाय, लपवाले काहीच नाही." तो हसला. तिला हसता आलं नाही.

*

खोली शेवटी मिळाली. रेल्वेपलीकडच्या वस्तीत, धम्मपाल सरांच्या घरी. सर शाळेत शिकवत. त्यांनी नाव विचारलं, तिनं पूर्ण सांगितलं, आणि खिडकी लहान असूनही तिला तिथं श्वास घेता आला.

लॅबमधून वस्तीकडं जायचा रस्ता दुसरा होता, जवळचा. ती लांबच्या रस्त्यानं जाऊ लागली. रोज साडेपाचला, मुठीत सुटे पैसे घेऊन. दुपारीच औषधाच्या दुकानात नोटा मोडून ठेवायची. साधी दहाची नाणी, पण धरून धरून ती हातात ऊन व्हायची.

"आली चिल्लरवाली!" प्रज्वल लांबूनच ओरडायचा. आणि त्याचं त्यानंच ठरवून टाकलं की या खेड्यातल्या पोरीला फोननं पैसे देता येत नाहीत. "शिकवतो मी. लय सोपं हाय. खातं नंबर नाही, काही नाही. नुसता मोबाइलचा नंबर टाकाचा, का नाव येते समोर. नाव बरोबर असन त पैसे सोडाचे."

"आणि नाव चुकीचं असलं तर?"

"त नाही सोडाचे."

"तसंच करतात लोक," ती हळूच म्हणाली.

लॅबमध्ये दिवसाला शंभर जणांचे पैसे हीच फोनवर घेत होती. तरी आठवडाभर तिनं शिकून घेतलं. एकच प्रश्न चारदा विचारला. कारण उत्तर द्यायला तो फोनवर वाकायचा, आणि टोपी तिच्या कपाळाच्या इतक्या जवळ यायची की कोथिंबिरीचा, मातीचा, विडी न ओढणाऱ्या माणसाचा स्वच्छ वास यायचा... पिनची वेळ आली की तो पूर्ण मान फिरवून रस्त्याकडं बघायचा. "पिन कोणालेच दाखवाची नसते. मले पन नाही." त्या फिरवलेल्या मानेवर तिचा जीव जडला. एवढा मोठा गडी, आणि दुसऱ्याचं गुपित सांभाळायला भिंतीसारखा उभा राहतो!

ऐन वेळी ती म्हणायची, "नेट गेलं," आणि नाणी काढायची.

"तुमच्या नेटले रोज साडेपाचलेच मरण येते का वं?"

गाड्याशेजारी वालाच्या शेंगांची टोपली घेऊन त्याची आई बसायची, भागाबाई. रोज एक पसाभर शेंगा भाग्यश्रीच्या पिशवीत टाकायची, पैसे न घेता. एकदा विचारलंच, "कोणाची पोरगी वं बाई तू?"

"मोतीरामची."

"अवं, पन मोतीराम कोण्या...?"

"माय, गिऱ्हाईक पाह्य आधी," प्रज्वल मध्येच बोलला, आणि तो प्रश्न शेंगांच्या टोपलीत पडून राहिला.

सकाळी चहा उकळेपर्यंत भाग्यश्रीचा एक उद्योग असायचा. बोर्डावरचा नंबर तिला पाठ झाला होता. तो ती फोनवर टाकायची. पडद्यावर यायचं, प्रज्वल नागोराव गुरनुले. आणि खाली रिकामी जागा, किती पाठवायचे? ती त्या नावाकडं बघत बसायची. चहा उतू जायचा. एक रुपया जरी पाठवला तरी हिचं नाव तिकडं उमटणार होतं, शेवटच्या अक्षरापर्यंत. ती फोन पालथा घालायची. तीन शब्द आणि मध्ये काच. हात लावला तर काच तडकेल की काय...

*

मग एका संध्याकाळी सुधाकरराव आले. गाड्यावर.

"अरे बेटा, तू इकडं! हिचा हात लय हलका हाय बरं भागाबाई." टमाटे निवडता निवडता ते भागाबाईकडं वाकले. आवाज खाली आला. "तुमाले ठाऊक हाय ना, ही कोण..."

"थांबा काका." भाग्यश्रीचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "माझं नाव मी सांगते."

तिनं फोन काढला. "प्रज्वल, आज स्कॅन करते."

"आली एकदाची अक्कल!" तो खुलला. सवयीनं मान फिरवून उभा राहिला. त्या मानेकडं तिनं एकदा डोळे भरून बघितलं. उद्या ती अशी फिरेल की दुसऱ्या तऱ्हेनं, कोण जाणे. तिनं पिन दाबली.

"इरवै रूपायलु," गाड्यावरचा, पैसे जमा झाले की बोलणारा डबा म्हणाला. वीस रुपये. डब्याला आडनाव वाचता येत नव्हतं. एवढ्या बाबतीत तो माणसापेक्षा बरा.

प्रज्वलचा फोन उजळला.

"मोठ्यानं वाचा," ती म्हणाली.

"भाग्यश्री... मोतीराम... मुनेश्वर."

भागाबाईचा पसा शेंगांनी भरलेला होता, पिशवीच्या तोंडाशी आलेला. तो तिथंच थांबला. मग सावकाश मागं गेला. शेंगा टोपलीत पडल्या, एकेक करून. सुधाकरराव टमाट्यांकडं बघत राहिले, जणू त्यांनी काहीच केलं नव्हतं. आणि प्रज्वल... त्यानं आईकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं, मग पालेभाजीवर पाणी मारू लागला. आधीच ओल्या असलेल्या भाजीवर.

भाग्यश्रीनं मेथी उचलली आणि ती जवळच्या रस्त्यानं घरी गेली.

*

तीन दिवस ती जवळच्याच रस्त्यानं गेली. भागाबाईचा राग तिला आला नाही असं नाही, पण तो जुना राग होता, त्याची घडी घालायला ती लहानपणीच शिकली होती. दुखलं ते ते पाणी मारणं. तरी सकाळी बोटं नंबर टाकायचीच. प्रज्वल नागोराव गुरनुले. किती पाठवायचे? चहा उतू जायचा. आपल्याच बोटांचा तिला संताप यायचा.

चौथ्या दिवशी लॅबमध्ये एका म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधत असताना फोन वाजला. एक रुपया जमा. पाठवणारा, प्रज्वल नागोराव गुरनुले. पैशासोबत दोन शब्द लिहायची सोय असते, तिथं लिहिलं होतं, 'पालक आली.'

थोड्या वेळानं आणखी एक रुपया. 'तुमी नाही आल्या.'

आणखी एक. 'त्या दिवशी मी गप्प राह्यलो. लाज वाटून राह्यली.'

आणखी एक. 'माय बोलत नाही माह्यासंग. पन मी बोलून राह्यलो.'

"लॉटरी लागली का मॅडम?" म्हाताऱ्यानं विचारलं. "डोळ्यात पाणी आलं तुमच्या."

"चार रुपयांची," ती म्हणाली, आणि सुई अलगद काढली.

चार रुपयांनी विरघळून जाईल अशी ती नव्हती. चौघांत तोंड शिवायचं आणि फोनच्या कोपऱ्यात लाजायचं, हे कोणतं प्रेम? असं प्रेम तिच्या वस्तीतल्या कितीतरी पोरींच्या वाट्याला आलं होतं. अंधारात गोड, उजेडात अनोळखी. तिनं चारही रुपये परत पाठवले आणि लिहिलं, 'चौघांत गप्प राहिलात ना? मग चौघांत बोला.'

फोन दिवसभर मुका राहिला.

साडेपाचला तिचे पाय लांबच्या रस्त्याला लागले. तिनं त्यांना अडवलं नाही. बाजार भरला होता. "मेथी दहा, पालक दहा..." प्रज्वलची आरोळी लांबून ऐकू येत होती. तिला पाहताच आरोळी तुटली. तो खाली वाकेल, पाण्याचा डबा उचलेल, असं तिला वाटलं.

त्यानं हात तोंडाशी नेला.

"भाग्यश्री मोतीराम मुनेश्वर!"

पूर्ण. शेवटच्या अक्षरापर्यंत, पालक विकायच्या आवाजात. चार गाडेवाले वळले. शेजारच्या गाड्यावर संत्री निवडणाऱ्या सुधाकररावांचा हात थबकला.

"सुधाकरराव, तुमी पन ऐका," प्रज्वल म्हणाला. कान लाल झाले होते, पण तो थांबत नव्हता. "मले हे नाव आवडते. अर्धं नाही... आडनावासकट आवडते. ज्याले माही भाजी घ्याची असन त्यानं घ्यावं, नसन घ्याची त पलीकडं मारोतरावचा गाडा हाय."

सुधाकररावांनी संत्री ठेवली आणि पलीकडं गेले. भागाबाई उठली. टोपली उचलून गाड्याच्या मागं, पाठ करून शेंगा सोलत बसली.

प्रज्वलनं त्या पाठीकडं पाहिलं. मग वाकून आईच्या टोपलीत हात घालू लागला, पिशवीत टाकायला पसाभर शेंगा घ्यायला.

"नको," भाग्यश्री म्हणाली. "त्या शेंगा त्यांच्या हातून येतील तेव्हाच घेईन."

"वेळ लागन."

"लागू द्या. खोली आहे माझ्याकडं आता. मी कुठं जात नाही."

"मंग आज काय? नगद का...?"

"स्कॅन."

त्यानं मान फिरवली. भिंतीसारखा उभा राहिला, रस्त्याकडं बघत. कापसाची एक गाडी धुरळा उडवत गेली.

"इरवै रूपायलु," डबा म्हणाला.

तरी तो वळला नाही.

"इकडं पाहा."

"पिन टाकून राह्यल्या ना तुमी."

"कधीच टाकली. इकडं पाहा ना, प्रज्वल..."

तो वळला. टोपीवर कापसाचा पुंजका बसला होता. या वेळी तिनं हात वर नेला आणि भर बाजारात, सगळ्यांसमोर, तो उचलला. गाड्यामागं भागाबाईची पाठ तशीच ताठ होती. पण शेंगा सोलायचा आवाज थांबला होता.